तिसऱ्या कीपरची खुर्ची : स्कॉट कार्सनची कारकीर्द

मँचेस्टर सिटी या इंग्लिश फुटबॉल क्लबात सहा हंगाम, आणि मैदानावर उतरायची वेळ आली ती दोनदा. एकदा पूर्ण सामना, एकदा शेवटची सतरा मिनिटं. गोलकीपर स्कॉट कार्सनवर सोशल मीडियावर जे विनोद फिरतात ते बहुतेक याच हिशेबावर बेतलेले असतात: फुकटची पदकं, जगातली सगळ्यात आरामाची नोकरी, वगैरे. याच माणसावरचा दुसरा विनोद जुना आहे आणि जास्त बोचरा. २००७ च्या नोव्हेंबरात लंडनच्या वेम्बली मैदानावर एक फटका त्याच्या हाताला लागून जाळ्यात गेला, इंग्लंड युरो २००८ या युरोपीय देशांच्या स्पर्धेला मुकलं आणि दुसऱ्या दिवशी प्रशिक्षकाची नोकरी गेली.

या दोन विनोदांच्या मधे चारशेहून अधिक लीग सामने आहेत. त्यांची आठवण कुणी काढत नाही. एका चुकीने गोलकीपर संपतो आणि बाकावर बसलेला गोलकीपर वाया गेलेला असतो, या दोन्ही समजुती कार्सनच्या कारकिर्दीवर घासून बघता येतात. मला तरी दोन्ही खोट्या वाटतात, पण वेगवेगळ्या कारणांनी.

एकच जागा

कार्सनचा जन्म ३ सप्टेंबर १९८५ चा, कंब्रियातल्या व्हाइटहेवनचा. इंग्लंडच्या वायव्य किनाऱ्यावरचं हे खाणकामगारांचं जुनं गाव. तो घडला लीड्स युनायटेडच्या अकादमीत, आणि लीड्स तेव्हा कर्जात बुडत होतं. २००१ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या अव्वल क्लबांच्या स्पर्धेच्या, उपांत्य फेरीपर्यंत गेलेला क्लब २००४ मध्ये प्रीमियर लीगमधून, म्हणजे इंग्लंडच्या पहिल्या श्रेणीतून, खाली घसरला. त्या पडझडीत, जानेवारी २००४ मध्ये मिडल्सब्रोविरुद्ध लीड्सच्या पहिल्या कीपरला लाल कार्ड मिळालं आणि १८ वर्षांच्या कार्सनला पहिल्यांदा ग्लोव्हज चढवावे लागले. बाहेर गेलेला कीपर होता पॉल रॉबिन्सन. हे नाव लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

कीपरला संधी मिळते ती अशीच: कुणाला तरी लाल कार्ड मिळतं, कुणाचं बोट मोडतं, कुणाचा फॉर्म जातो. बाकीच्या खेळाडूंना शिरायला फटी असतात. शेवटची वीस मिनिटं, डावीकडे जमलं नाही तर उजवीकडे, बचावात नाही तर मधल्या फळीत. आपल्याकडच्या राखीव यष्टिरक्षकाचं उदाहरण घेतलं तरी त्याला निदान बॅट असते. धोनीच्या काळात वृद्धिमान साहाचं कसोटी पदार्पण २०१० मध्ये नागपूरला झालं, ते निव्वळ फलंदाज म्हणून, कारण सकाळी सराव करताना रोहित शर्माचा पाय मुरगळला. गोलकीपरला असं दुसरं दार नाही. अकरांत एकच जागा, आणि तिथे बसलेला माणूस धडधाकट असेल तर ती वर्षानुवर्षं रिकामी होत नाही.

जानेवारी २००५ मध्ये लिव्हरपूलने त्याला साडेसात लाख पौंडांना घेतलं. लीड्सला पैसे हवेच होते. तीन महिन्यांत, ५ एप्रिलला, पहिला कीपर यर्झी डुडेक जखमी असल्यामुळे कार्सन थेट युव्हेंटसविरुद्धच्या चॅम्पियन्स लीग उपांत्यपूर्व सामन्यात लिव्हरपूलच्या घरच्या मैदानावर, अ‍ॅनफिल्डवर उभा होता. हेझेल मैदानावर याच दोन क्लबांच्या अंतिम सामन्यावेळी झालेल्या चेंगराचेंगरीच्या दुर्घटनेनंतर त्यांची ही पहिलीच गाठ. ती दुर्घटना मे १९८५ ची, म्हणजे कार्सनच्या जन्माआधी तीन-चार महिन्यांची. लिव्हरपूलने २-१ ने सामना जिंकला. युव्हेंटसचा गोल म्हणजे कानावारोचं हेडर, आणि ते कार्सनच्या हातून सुटलं. परतीच्या सामन्यात डुडेक परतला, अंतिम सामन्यात इस्तंबूलला त्याने पेनल्टी अडवून इतिहास घडवला, आणि १९ वर्षांच्या कार्सनच्या गळ्यात बाकावर बसून युरोपचं सर्वोच्च पदक आलं.

त्याच उन्हाळ्यात लिव्हरपूलने पेपे रेना हा नवा कीपर आणला. रेना पुढची कित्येक वर्षं हलला नाही. माझ्या मते कार्सनच्या कारकिर्दीला लागलेलं सगळ्यात मोठं वळण हेच, आणि त्यात त्याचा दोष काडीचाही नव्हता. वेम्बली अजून दोन वर्षं दूर होती.

लोनवरची वर्षं

विशीतल्या कीपरला बाकावर बसवून ठेवलं की तो घडत नाही. सरावात फटके अडवता येतात. पण कॉर्नरला दहा माणसांच्या गर्दीत पुढे जायचं की रेषेवर थांबायचं, मागच्या बचावपटूला कधी ओरडून थांबवायचं, एक गोल खाल्ल्यावर पुढची दहा मिनिटं कशी काढायची, हे सामन्याशिवाय येत नाही. म्हणून कार्सन लोनवर गेला, म्हणजे लिव्हरपूलचाच राहून तात्पुरता दुसऱ्या क्लबांकडून खेळायला. आधी शेफील्ड वेन्सडे, मग २००६-०७ चा पूर्ण हंगाम चार्ल्टन, मग २००७-०८ अ‍ॅस्टन व्हिला.

मधे २००६ चा विश्वचषक आला. तो राखीव यादीत होता. इंग्लंड ब संघाच्या सामन्यात रॉबर्ट ग्रीनला दुखापत झाली आणि कार्सनला जर्मनीचं तिकीट मिळालं. वय वीस, आणि देशाचा तिसरा कीपर. ग्रीनचं नावही डोक्यात राहू द्या.

चार्ल्टन त्या हंगामात खाली घसरला, पण क्लबच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान कार्सनला मिळाला. हे विरोधाभासी वाटलं तरी कीपरच्या धंद्यात नेहमीचं आहे. बुडणाऱ्या संघाच्या गोलवर फटके जास्त येतात, त्यामुळे कीपरचं काम दिसतं. मोठ्या संघाच्या कीपरला नव्वद मिनिटांत दोनदा हात लावायचा असतो आणि त्या दोनपैकी एक जरी सुटला तरी बोभाटा होतो. ही दोन जवळजवळ वेगळी कौशल्यं आहेत. चार्ल्टनमध्ये उत्तम ठरलेला कीपर इंग्लंडच्या गोलमध्ये तसाच ठरेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही.

२१ नोव्हेंबर २००७

इंग्लंडचा पहिला कीपर तेव्हा रॉबिन्सनच होता, लीड्समध्ये लाल कार्ड मिळालेला तोच. २००६ च्या ऑक्टोबरात झाग्रेबला गॅरी नेव्हिलने त्याच्याकडे चेंडू परत दिला, तो टप्पा पडून उडाला, रॉबिन्सनची लाथ हवेत गेली आणि चेंडू गोलमध्ये. वर्षभराने मॉस्कोत रशियाविरुद्ध त्याने अर्धवट अडवलेल्या फटक्यावर दुसरा गोल झाला. प्रशिक्षक स्टीव्ह मॅकक्लॅरेनचा त्याच्यावरचा विश्वास उडाला. १६ नोव्हेंबरला व्हिएन्नात ऑस्ट्रियाविरुद्ध मैत्रीपूर्ण सामन्यात त्याने कार्सनला पदार्पण दिलं, इंग्लंड १-० ने जिंकलं, आणि पाच दिवसांनी क्रोएशियाविरुद्ध वेम्बलीवर कार्सनच उभा राहिला. बरोबरीही पुरेशी होती. क्रोएशिया आधीच पात्र ठरला होता.

पाऊस धो धो पडत होता. वेम्बलीच्या हिरवळीची अवस्था वाईट होती; महिनाभरापूर्वी तिथे अमेरिकन फुटबॉलचा सामना झाला होता. आठव्या मिनिटाला निको क्रान्चारने लांबून फटका मारला. वेग फार नव्हता. पण चेंडू कार्सनच्या अगदी पुढ्यात टप्पा पडून घसरला, आणि हाताला लागून जाळ्यात गेला.

कुठलाही कीपर सांगेल की हा चेंडू दिसतो तितका सोपा नव्हता, आणि तरी तो अडवायलाच हवा होता. ओल्या गवतावर टप्पा पडला की चेंडूचा वेग मरत नाही, उलट तो निसटता पुढे येतो. अशा वेळी नियम एकच: झेल घ्यायचा मोह टाळायचा, शरीर चेंडूमागे आणायचं, म्हणजे हात चुकले तरी छाती किंवा गुडघा अडवतो. ते झालं नाही. चौदाव्या मिनिटाला ओलिचने दुसरा गोल केला. लॅम्पार्डची पेनल्टी आणि क्राउचचा गोल यांमुळे इंग्लंडने २-२ अशी बरोबरी साधली, तेव्हा पात्रता हातात होती. ७७ व्या मिनिटाला पेत्रिचने लांबून तिसरा गोल मारला.

हिशेब मांडला तर दिसतं की कार्सनच्या चुकीनंतरही इंग्लंड बारा मिनिटं पात्र होतं. मोहीम मॉस्कोत, झाग्रेबमध्ये आणि आधीच्या गुळमुळीत सामन्यांत हातची जात होती. चार दिवसांपूर्वी इस्रायलने रशियाला हरवलं म्हणून तर ही शेवटची संधी मिळाली होती. आणि मोहिमेतल्या निर्णायक सामन्यात २२ वर्षांच्या मुलाला पहिला स्पर्धात्मक आंतरराष्ट्रीय सामना खेळायला लावणं, हा निर्णय त्या मुलाचा नव्हता. मॅकक्लॅरेनला दुसऱ्या दिवशी काढलं. मैदानाच्या कडेला छत्री घेऊन उभा असलेला त्याचा फोटो आजही छापला जातो. कार्सनला त्या रात्रीनंतर काढून टाकायला कुठली नोकरीच नव्हती. तो व्हिलाकडे परतला आणि उरलेला हंगाम खेळला. व्हिला सहावी आली.

पुढच्या नोव्हेंबरात बर्लिनला जर्मनीविरुद्ध तो मध्यंतरानंतर उतरला. बचावपटू जॉन टेरी आणि त्याच्यात चेंडू कुणाचा यावरून गोंधळ झाला, जर्मनीने गोल केला. इंग्लंड तरी २-१ ने जिंकलं. चौथा आणि शेवटचा सामना २०११ मध्ये स्वीडनविरुद्ध. इंग्लंडकडून कारकीर्द एवढीच. ती खुंटली यात वेम्बलीचा वाटा आहे हे नाकारण्यात अर्थ नाही. पण मॅकक्लॅरेननंतरचा प्रशिक्षक फाबियो कापेलोने आधी अनुभवी डेव्हिड जेम्सला धरलं आणि नंतर जो हार्ट नावाचा, कार्सनपेक्षा दीड वर्षाने लहान, खरोखर वरचढ कीपर उगवला. तो सामना झाला नसता तरी हार्ट आलाच असता.

मधली अकरा वर्षं

इथे मी भराभर जातो, कारण इथे नाट्य नाही आणि तोच मुद्दा आहे. २००८ मध्ये वेस्ट ब्रॉमने त्याला साडेबत्तीस लाख पौंडांना घेतलं. तीन हंगाम, त्यात एकदा घसरण, एकदा बढती. मग तुर्कस्तानात बुर्सास्पोर, दोन हंगाम. तिथे असतानाच इंग्लंडसाठीचा तो चौथा सामना. मग विगन, जिथे २०१४ च्या एफए कप उपांत्य सामन्यात आर्सेनलविरुद्ध पेनल्टी शूटआउटमध्ये हार झाली. २०१५ मध्ये डर्बी काउंटी.

डर्बीत तो तीन वर्षं लीगचा जवळजवळ प्रत्येक सामना खेळला. दुसऱ्या श्रेणीत हंगामाला ४६ लीग सामने असतात, मंगळवार-शनिवार, मंगळवार-शनिवार. एका चुकीने संपलेल्या माणसाला कुठलाही प्रशिक्षक असं सलग उभं करत नाही. दोनदा संघ प्लेऑफपर्यंत, म्हणजे बढतीसाठीच्या बाद फेरीपर्यंत, गेला. सप्टेंबर २०१८ मध्ये ओल्ड ट्रॅफर्डवर लीग कपमध्ये डर्बीने मँचेस्टर युनायटेडला शूटआउटमध्ये ८-७ ने हरवलं, त्यात फिल जोन्सची निर्णायक पेनल्टी कार्सनने अडवली. तेव्हा डर्बीचा प्रशिक्षक होता फ्रँक लॅम्पार्ड, वेम्बलीच्या त्या रात्री पेनल्टी मारून इंग्लंडला जिवंत ठेवणारा.

आणि त्याच लॅम्पार्डने हंगामाच्या उत्तरार्धात केले रूसला गोलमध्ये आणलं. प्लेऑफचा अंतिम सामना वेम्बलीवर रूस खेळला, डर्बी व्हिलाकडून हरली. कार्सन ३३ वर्षांचा, जागा गेलेली. रेना, हार्ट, रूस: त्याच्या आयुष्यातली वळणं बघितली तर प्रत्येक ठिकाणी दुसरा एक कीपर उभा आहे.

सिटीला तो कशाला हवा होता?

ऑगस्ट २०१९ मध्ये सिटीने त्याला लोनवर घेतलं, तेव्हा अनेकांनी बातमी दोनदा वाचली. (त्याच वर्षी नोव्हेंबरात सिटीच्या मालक गटाने मुंबई सिटी एफसीमध्ये बहुसंख्य हिस्सा घेतला, आपल्याकडच्या चर्चेत अर्थातच ती बातमी मोठी होती.) एडरसन पहिला, क्लाउडिओ ब्रावो दुसरा. तरुण आरो मुरिच नॉटिंगहॅम फॉरेस्टला लोनवर गेलेला. तिसरी खुर्ची रिकामी.

नेहमी दिलं जाणारं उत्तर म्हणजे स्थानिक खेळाडूंचा नियम. प्रीमियर लीगमध्ये २१ वर्षांवरच्या २५ खेळाडूंची यादी द्यावी लागते आणि त्यात बाहेर घडलेले १७ पेक्षा जास्त चालत नाहीत. इथे घडलेला म्हणजे २१ वर्षांचा होण्याआधी तीन हंगाम इंग्लंड किंवा वेल्सच्या क्लबांत नोंदलेला. राष्ट्रीयत्वाचा संबंध नाही. एडरसन, ब्रावो, नंतरचे झॅक स्टेफन आणि स्टेफान ओर्टेगा, सगळे बाहेर घडलेले. कार्सन लीड्सचा. उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. २१ वर्षांखालच्या मुलाला यादीत नोंदवायचीच गरज नसते; म्हणजे अकादमीतला एखादा पोरगा तिसरा कीपर केला तर एकही जागा खर्च होत नाही.

मग पोरगा का नाही? कारण त्याला सामने हवेत. २००५ मध्ये लिव्हरपूलच्या बाकावर बसलेल्या कार्सनला जे हवं होतं तेच. सिटीने अकादमीतला तरुण कीपर जेम्स ट्रॅफर्डला बोल्टनला लोनवर पाठवलं ते याचसाठी. ३४ वर्षांच्या माणसाला ती घाई नसते. त्याला न खेळवल्याने क्लबचं काही नुकसान होत नाही, त्याची किंमत घसरत नाही, एजंट दर महिन्याला फोन करत नाही. विशीत सापळा असलेली तीच खुर्ची पस्तिशीत चांगली नोकरी होते. कार्सन दोन्ही वेळा तिच्यात बसला, हे या प्रकरणाचं वेगळेपण.

ही नोकरी आरामाची असते हे मात्र खरं नाही. फटक्यांचा सराव करायला दोन गोल लागतात आणि दोन्हीकडे खरा कीपर लागतो. सामन्याच्या आदल्या दिवशी पहिल्या कीपरला जपायचं असतं, म्हणून जास्तीचे फटके, पेनल्टीचा सराव, सराव संपल्यावर मागे थांबणाऱ्या स्ट्रायकरांची हौस, हे सगळं तिसऱ्याच्या अंगावर येतं. शनिवारी खेळायचं नाही हे सोमवारीच माहीत असताना मंगळवारी चिखलात उड्या मारायच्या. आणि तोंड वाकडं करायचं नाही, कारण ड्रेसिंग रूममधला कुरकुरणारा तिसरा कीपर कुठल्याच प्रशिक्षकाला परवडत नाही. सिटीचा तेव्हाचा प्रशिक्षक पेप ग्वार्दिओलाने संघातलं कार्सनचं महत्त्व जाहीरपणे वाखाणलं, ते याचसाठी.

त्याची गरज कधी पडू शकते, हे पहिल्याच हंगामात दिसलं, तेही त्याच्याशिवाय. ६ नोव्हेंबर २०१९, मिलानला अटलांटाविरुद्ध एडरसन मध्यंतराला दुखापतीने बाहेर गेला, बदली आलेल्या ब्रावोला ८१ व्या मिनिटाला लाल कार्ड मिळालं. बाकावर तिसरा कीपर नव्हता. बचावपटू काइल वॉकर ग्लोव्हज घालून गोलमध्ये गेला, त्याने एक फ्री किक अडवलीही, आणि सामना १-१ राहिला. नंतर युरोपीय सामन्यांत बाकावर बारा जणांना जागा मिळू लागली, तसा कार्सन तिथे दिसू लागला.

दोन सामने

१४ मे २०२१. तीन दिवसांपूर्वीच सिटी लीगची विजेती ठरली होती. न्यूकॅसलला ग्वार्दिओलाने कार्सनला उतरवलं, प्रीमियर लीगमध्ये दहा वर्षांनी. सामना ४-३ असा वेडावाकडा झाला. जो विलॉकची पेनल्टी कार्सनने अडवली. उडालेला चेंडू पुन्हा विलॉककडेच गेला आणि त्याने गोल केला. नोंदवहीत पेनल्टी अडवल्याची शाबासकी आणि गोल खाल्ल्याचा ठपका एकाच मिनिटात.

९ मार्च २०२२. स्पोर्टिंग लिस्बनविरुद्ध पहिल्या लढतीतली ५-० ची आघाडी हाताशी होती, म्हणून ७३ व्या मिनिटाला एडरसनच्या जागी कार्सन. युव्हेंटसविरुद्धच्या त्या सामन्यानंतर चॅम्पियन्स लीगमध्ये जवळजवळ १७ वर्षांनी. पाउलिन्यो एकटा समोर आला, कार्सन पुढे सरकला आणि त्याने फटका अडवला. सामना ०-० संपला.

नंतर २०२३ चा जून. अंतिम सामना इंटर मिलानशी, इस्तंबूलच्या त्याच अतातुर्क मैदानावर, आणि कार्सन पुन्हा बाकावर. वेगवेगळ्या दोन इंग्लिश क्लबांबरोबर, १८ वर्षांच्या अंतराने, तो चॅम्पियन्स लीगचा विजेता ठरला आणि दोन्ही अंतिम सामन्यांत चेंडूला हात लागला नाही. लीगच्या पदकांचं म्हणाल तर विजेत्या क्लबला ४० पदकं मिळतात. पाच सामने खेळलेल्यांचा हक्क पहिला. उरलेली कुणाला द्यायची हे क्लब ठरवतो. त्यामुळे फुकटचं पदक या टोमण्याला नियमाच्या दृष्टीने फारसा आधार नाही.

मला खटकते ती गोष्ट वेगळी. श्रीमंत क्लब अनुभवी कीपर असा बाकावर ठेवू शकतात आणि दुसऱ्या श्रेणीतल्या क्लबांना तोच कीपर परवडत नाही. ३४ वर्षांचा कार्सन अजून दोन-तीन वर्षं ४६ सामन्यांचा हंगाम खेळू शकला असता, असं डर्बीतली वर्षं बघून वाटतं. त्याने ते निवडलं नाही, आणि त्यासाठी मी त्याला दोष देणार नाही. रूसने जागा घेतल्यावर पुन्हा एखाद्या क्लबच्या दारात उभं राहण्यापेक्षा दर वर्षी नव्याने मिळणारा करार बरा.

तो एकटाही नाही. २००६ मध्ये दुखापतीने विश्वचषक हुकलेला आणि २०१० मध्ये अमेरिकेविरुद्ध कार्सनसारखीच चूक करून बसलेला रॉबर्ट ग्रीन २०१८-१९ मध्ये चेल्सीचा तिसरा कीपर होता. एकही स्पर्धात्मक सामना न खेळता त्याने बाकूला युरोपा लीगचा करंडक उचलला आणि निवृत्त झाला. चेल्सीतच नंतर मार्कस बेटिनेलीने चार वर्षांत एक सामना खेळला. २०२५ च्या उन्हाळ्यात कार्सन, वय ३९, सिटीतून बाहेर पडला आणि त्याच्या खुर्चीवर सिटीने आणला तो हा बेटिनेली.

पहिल्या खुर्चीसाठी त्याच उन्हाळ्यात ट्रॅफर्डला बर्नलीहून परत विकत घेतलं. तोही कंब्रियाचाच, व्हाइटहेवनपासून फार लांब नसलेल्या भागातला, आणि तेव्हा २२ वर्षांचा. लीगचे पहिले तीन सामने तो खेळला. दुसऱ्यात, टॉटनहॅमविरुद्ध, त्याच्या पासवरून गोल गेला. १ सप्टेंबरला खरेदी-विक्रीची मुदत संपता संपता सिटीने इटलीचा कीपर जानलुइजी डोनारुम्माला करारबद्ध केलं.